पोत्याने पकडलेलं घर

मी कंपनांचा इंजिनिअर! पुलांची थरथर थांबवणं हा माझा धंदा. आणि आमचं माउंट रॉस्किलचं भाड्याचं घर मात्र वॉशिंग मशीनच्या तालावर नाचायचं! लाकडी घर, खाली लाकडी खुंट. मशीन कपडे पिळायला लागलं की फडताळातली भांडी भजनाला बसायची.

शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि घरमालकीण मार्गरेटबाईंनी फोनवर बजावलं, "शनिवारी येते. मशीन लावून दाखवा. घर हललं, तर दुसरं घर शोधा!"

माझ्या बायकोची, सुलेखाची फार्मसी इथून चालत जाण्याइतकी जवळ. हे घर सोडायचं नव्हतंच.

"काळजी करू नकोस," मी तिला म्हणालो. "घराच्या लाकडी जमिनीखाली स्प्रिंगांना वजन टांगायचं. जमीन ज्या लयीत हलते, त्याच लयीत ते हलायला हवं. मग जमिनीचा सगळा हलकल्लोळ ते स्वतःवर घेतं, आणि वजनाखाली ठेवलेला फोम तो जिरवतो. फक्त वजन अचूक पाहिजे!"

स्प्रिंगा जुन्या ट्रॅम्पोलिनच्या. वजन म्हणजे घरातलं तांदळाचं भरलेलं पोतं. कपडे धुवायच्या खोलीच्या जमिनीत झडप होती, तिथून ते खाली सोडलं. मशीन चालू केलं. वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही!

"बघितलंस?"

"बघितलं. आता जेवायला ये."

शनिवारी मार्गरेटबाई ऐन जेवणाच्या वेळी आल्या. मी ऐटीत मशीन लावलं आणि त्यांना पानावर बसवलं. पुलाव त्यांना इतका आवडला की "स्वीट ॲज!" असं इथलं 'झकास' म्हणत त्यांनी पुन्हा घेतला.

तेवढ्यात मशीन पिळायला लागलं. टेबल सरकलं, लोणच्याची बरणी आडवी झाली!

"अर्थक्वेक!" मार्गरेटबाई मूळच्या वेलिंग्टनच्या, म्हणजे भूकंपांच्या गावच्या. ताटासकट टेबलाखाली! इभ्रत वाचवायला मीही आत शिरलो आणि सुलेखाला खाली ओढलं.

"पोत्याला हात लावलास?" मी मराठीत कुजबुजलो.

"मग पुलाव कशाचा केला? घरातले सगळे तांदूळ तूच टांगलेस! आणि खाली केवढी ओल! किडे लागतील म्हणून बाकीचे डब्यात भरले."

"अगं, पण जेवण कशाला?"

"दुपारी येणारी बाई उपाशी कशी पाठवायची, असं कोण म्हणालं होतं?"

मीच म्हणालो होतो.

इतक्यात मशीनने कपडे झाल्याची शिट्टी वाजवली आणि भूकंप जागच्या जागी थांबला. मार्गरेटबाईंनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लोणच्याकडे पाहिलं.

"पुलावासाठी तुम्ही राहा," त्या शेवटचा घास घेत म्हणाल्या. "मशीन जाईल."

मशीन गेलं. हल्ली दर रविवारी मी टबात बसून चादरी पिळतो, अगदी जिद्दीने. परवा स्वयंपाकघरातून हाक आली,

"ऋतुराज, जरा हळू पीळ! घर हलतंय!"