‘निघा आता’ची कॉफी

गोर्नी याब्लानच्या नगरपालिकेने गेल्या हिवाळ्यात एक विनोद करण्याचे ठरवले. ठराव बिनविरोध मंजूर झाला, कारण त्या दिवशी सभागृहातला हीटर बंद होता आणि प्रत्येकाला घरी जायचे होते. सदर विनोद सांस्कृतिक केंद्रात, नागरिकांच्या उपस्थितीत आणि गावच्या तिन्ही भाषांना समान न्याय देऊन करण्यात यावा, असे ठरावात नमूद होते.

विनोद करायला माणूस हवा होता. केंद्राच्या संचालिका नेव्हेंकाबाईंनी वेद्रानचे नाव सुचवले. वेद्रान दिवसा पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकत असे आणि शुक्रवारी संध्याकाळी पुलाजवळच्या कॅफेत उभा राहून त्याच तक्रारी लोकांना ऐकवत असे. खिडकीवर भांडणारे कॅफेत हसत. पण त्याची निवड या गुणामुळे झाली नव्हती. ‘वेद्रान’ या नावावरून माणूस कुठे प्रार्थनेला जातो हे कळत नाही, हा त्याचा विनोदाच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा गुण मानला गेला.

वेद्रानने होकार दिला त्याचे कारण निराळे होते. त्याला दुन्याशी लग्न करायचे होते आणि दुन्याचे वडील, आंतोकाका, त्याला दुसरी कॉफी देत नव्हते.

आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या देतात. पहिली आल्या आल्या, स्वागताची. दुसरी गप्पांची. तिसरी ‘निघा आता’ची, ती समोर आली की पाहुण्याने कप रिकामा करावा, घड्याळ पाहून दचकावे आणि आपले जोडे शोधावेत. आंतोकाका वेद्रानला पहिली कॉफी देत आणि ती घशाखाली उतरते न उतरते तोच तिसरी आणत. गप्पांची कॉफी त्याच्या नशिबी कधी आली नव्हती.

“लोकांना हसवतो म्हणे,” आंतोकाका लेकीला म्हणाले होते. “मी बर्फावर सपशेल आपटलो तेव्हाही लोक हसले होते. म्हणून मी त्याला कामधंदा म्हटलं नाही. अख्खं सभागृह हसताना एकदा दिसू दे मला. मग बसू बोलत.”

‘बसू बोलत’ म्हणजे दुसरी कॉफी. वेद्रान कामाला लागला.

विनोद तपासण्यासाठी तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली, प्रत्येक भाषेचा एक. आमच्या या तीन भाषा एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की कॉफीला एकीत काफा म्हणतात, दुसरीत कावा आणि तिसरीत काहवा. (यात कसलाही कावा नाही.) बाकी शब्द बहुतेक सारखे असले तरी ते वेगवेगळ्या अभिमानाने उच्चारले जातात. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपान जीव घेते’ हे तिन्ही भाषांत छापलेले असते आणि त्यामुळे कुणावरही अन्याय न होता सगळे सारखेच ओढतात.

समितीत विनोदाच्या आवडीवरून पहिल्याच दिवशी जुंपली. काफावाल्या सदस्यांच्या मते विनोद जुना हवा, म्हणजे शेवट ठाऊक असल्याने वेळेवर हसायला सुरुवात करता येते. कावावाले सदस्य मोठ्या शहरात शिकले होते. उत्तम विनोदावर कुणी हसत नाही, फक्त ‘हं’ म्हणतात, असे त्यांचे म्हणणे. काहवावाल्यांना विनोदात एक तरी गैरहजर माणूस लागे, ज्याची यथेच्छ टिंगल करता येईल. वेद्रान विनोदी नाही, यावर मात्र तिघांचे एकमत झाले आणि समितीचे काम योग्य दिशेने चालले असल्याची खात्री नेव्हेंकाबाईंना पटली.

खरी अडचण पुढेच होती. वेद्रानचा विनोद कॉफीवर होता.

कॉफीला कुठला शब्द वापरायचा, हा प्रश्न चार बैठका चालला. वेद्रानने ‘काळे गरम पेय’ असे सुचवून पाहिले, पण रस्त्यावर टाकायचे डांबर असा गैरसमज होईल म्हणून ते फेटाळले गेले. अखेर तोडगा निघाला. विनोद तीनदा सांगायचा, तिन्ही भाषांत. पण मग दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकणाऱ्यांच्या वाट्याला शिळा विनोद येणार, अशी हरकत निघाली. तेव्हा असे ठरले की प्रत्येकाने फक्त आपल्या भाषेतल्या विनोदावर हसावे आणि इतर दोन वेळा तो कळू देऊ नये. सभागृहाचे तीन भाग पाडण्यात आले. ज्यांचे आईबाप दोन वेगवेगळ्या भाषांत कॉफी पितात ते कायद्याने ‘इतर’ ठरतात. त्यांना दाराशी उभे राहून स्मित करण्याची मुभा देण्यात आली. वेद्रान स्वतः ‘इतर’च होता, पण तो मंचावर असल्यामुळे त्याच्या जागी त्याची आई दाराशी उभी राहिली.

या सगळ्यात जून उजाडला. सभागृह खच्चून भरले. आंतोकाका कावावाल्यांच्या भागात, तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून बसले. दुन्याने बापाला हसताना शेवटचे पाहिले ते पोस्टमन घसरला तेव्हा. ती देवाकडे निदान एखाद्या खुर्चीचा पाय मोडावा एवढेच मागत होती.

वेद्रानने काफा भाषेत सुरुवात केली.

“आमचा शेजारी सकाळी घरी आला. आईनं पहिली काफा दिली. मग दुसरी दिली. दुपार झाली, शेजारी हलेना. आईनं तिसरी दिली, ‘निघा आता’ची. तो प्यायला आणि म्हणाला, ‘वहिनी, ही सगळ्यांत फक्कड झालीय, आणखी आहे का?’ आई बिचारी करत राहिली, तो पीत राहिला. संध्याकाळी बाबा उठले, कोट चढवला, जोडे घातले. शेजारी म्हणतो, ‘कुठं निघालात?’ बाबा म्हणाले, ‘या घरात इतकी काफा झालीय, आता कुणीतरी निघायलाच हवं. रीत म्हणून काही आहे की नाही?’ बाबा गेले ते गेलेच. आता जर्मनीत, श्टुटगार्टला असतात. शेजारी अजून आमच्याकडेच आहे.”

काफावाले नियमानुसार हसले. आणि त्याच क्षणी कावावाल्यांच्या तिसऱ्या रांगेतून, पोटातून आलेले, खुर्ची हलवणारे एक हसू फुटले. ते आंतोकाकांचे होते. ऐन तारुण्यातली वर्षे त्यांनी श्टुटगार्टला विटा रचण्यात घालवली होती, आणि इकडे त्यांच्या घरात कोण कॉफी पीत बसले होते ते त्यांना चांगले ठाऊक होते.

वेद्रानला तिथल्या तिथे नाचावेसे वाटले. पण कावावाले सदस्य उठून उभे राहिले होते.

“श्रीयुत आंतो, हा प्रयोग काफा भाषेत चालू आहे. आपण विनोद कळल्यामुळे हसलात, की अन्य कारणाने?”

आंतोकाकांना विनोद कळला असेल तर भाषा एकच ठरत होती. भाषा एकच ठरली तर तीन सदस्य, तीन भाषांच्या शाळांचे तीन प्रमुख आणि न्यायालयातले भाषांतरकार यांनी उद्यापासून कुठे जायचे, हा प्रश्न होता. आंतोकाकांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. दोन्हीकडचे लोक आपापले गुडघे न्याहाळत होते.

“खोकलो,” आंतोकाका म्हणाले.

तशी नोंद झाली. अग्निशमन दलाच्या माणसाने पाणी आणून दिले. वेद्रानला इतके वाईट वाटले की तो पुढची वाक्ये विसरला. विसरून बिघडणार नव्हते, कारण पुढची वाक्ये मागचीच होती. त्याने तोच विनोद कावा भाषेत सांगितला. कावावाल्यांना आता हसणे बंधनकारक होते. ते हसले, पण आंतोकाका ओठ घट्ट मिटून बसले. मग काहवा भाषेत झाला, तेव्हा तिसरा भाग हसला. दाराशी उभी असलेली वेद्रानची आई तिन्ही वेळा स्मित करून दमली. हास्याचे समसमान वाटप झाल्याचे समितीने जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी विनोद वगळून हाच उपक्रम करावा, अशी शिफारस केली.

रविवारी वेद्रान दुन्याकडे गेला तो निरोप घ्यायच्या तयारीने. पहिली कॉफी आली. त्याने ती संपवली आणि नजर दाराजवळच्या जोड्यांकडे वळवली. आंतोकाका तांब्याचे भांडे घेऊन आले, पण कप न भरता आधी खिडकीपाशी गेले. जूनच्या उकाड्यात त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला. मग त्यांनी कॉफी ओतली आणि समोर ऐसपैस बसले.

“हं. सांग आता तो शेजाऱ्याचा.”

“काका, तुम्ही तर खोकला होतात.”

“तिथं खोकलो. आता हसायचंय.”

वेद्रानने थोडा विचार केला. “कुठल्या भाषेत सांगू?”

“हळू आवाजात,” आंतोकाका म्हणाले.

त्याने सांगितला. श्टुटगार्ट आले तेव्हा आंतोकाका उशीत तोंड खुपसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर दुन्या कप धुवायला मागच्या गॅलरीत गेली तेव्हा तिला समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या दिसल्या. आतून उशांमध्ये दाबलेला खोकला ऐकू येत होता.

तुमच्याकडे असले काही नसते, हे आम्ही ऐकून आहोत. म्हणूनच तुम्ही आत्ता मोकळेपणाने हसलात; नावे आमची होती, कॉफी आमची होती. आता हाच किस्सा तुमच्या गावच्या नावाने, तुमच्या आडनावांनिशी भरल्या बैठकीत सांगून पाहा. हसण्याआधी शेजारी कोण बसले आहे ते बघावेसे वाटले, तर लाजू नका. खोकला कुणालाही येतो.

असो. बराच वेळ बसलात. थांबा, कॉफी आणतो. दोन झाल्या आहेत, ही तिसरी.