नानांचा मागचा माणूस

आमचे शेजारी नाना कुणालाही एकटं बोलायला पाठवत नाहीत. कॉलनीतला कुणी पाण्याची तक्रार घेऊन निघाला, की त्याच्यामागे एक माणूस. त्याने तोंड उघडायचं नाही, फक्त ऐकायचं.

"बोलनारा तठे येगळंच बोलस, भाऊ! तेना मांगे मानूस पाहिजेच."

पिंपळनेरकडच्या त्यांच्या गावाची ही रीत. माझा मेहुणा स्थळाची बोलणी करायला धुळ्याला निघाला, तर नाना आधीच गाडीत जाऊन बसलेले! मेहुणा अजून फुगलेला आहे.

अशा माणसाच्या हाती म्युच्युअल फंडाचा अहवाल पडला, मग काय विचारता! खातं त्यांच्या बायकोचं, सुमनअक्कांचं. मुक्ताईनगरकडची माहेरची केळीची बाग उन्हाने होरपळली, घड पिकण्याआधीच गळून पडले. तेव्हा अक्कांनी आपला वाटा विकून पैसे फंडात टाकले. अहवालात छापलेलं, 'हवामान सांभाळणाऱ्या कायद्यांना आमचा पाठिंबा.' आणि पेपरात बातमी, की हा फंड कंपन्यांच्या ज्या संघटनेचा सभासद, तीच दिल्लीत ते कायदे सैल करा म्हणतेय.

नाना पेटलेच. अक्कांच्या नावाने पत्रांवर पत्रं. 'संघटना तुमच्या वतीने काय बोलते, ते ऐकायला तुमचा मागचा माणूस कोण?' प्रत्येक पत्र आधी मला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "अक्का असंच बोलली असती ना?" मी मॅच बघता बघता 'हो' म्हणायचो.

परवा माझ्याच घरी बसलेले असताना फंडाच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. नानांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, तुमचा प्रश्न थेट संचालकांपर्यंत गेला. संघटना सरकारकडे काय मागते, ते आता दरवर्षी तपासून छापणार आहोत."

नानांनी मांडीवर थाप मारली. "हाऊ खरा जवाब शे!"

"फक्त लेखी उत्तर खातेदारालाच देता येतं. पत्ता पक्का करायचाय, सुमनताईंना फोन देता?"

अक्का जाऊन दोन वर्षं झाली. अख्ख्या कॉलनीला ठाऊक, फक्त फंडाला कळवलं नव्हतं. कळवलं की तिच्या नावाची पाकिटं बंद होतील, एवढीच भीती.

"ती नाही, बाई," ते म्हणाले. "मीच बोलत होतो तिच्या वतीने."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले.

"भाऊ, तिना मांगे मानूस तूच व्हता. मी काही येगळं बोलनू का?"

"नाही नाना," मी म्हणालो. "शब्द न् शब्द अक्कांचाच होता."

काल ते पुन्हा आले. नवं पत्र, स्वतःच्या नावाने. ते चष्मा लावेपर्यंत मी उठून टीव्ही बंद केला.