संपावर गेलेली कात्री

हिंगोली जिल्ह्यात आपल्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही, हे राधाकृष्णने स्वतःच तपास करून सिद्ध केलं होतं. पगारापुरता तो एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होता; एरवी गुप्तहेर. कळमनुरीच्या बाजारात हरवलेली आत्याची चप्पल त्याने शोधून दिली होती. ती आत्याच्या पायातच निघाली, हा भाग तो सांगत नसे.

आजचं प्रकरण गंभीर होतं. साखऱ्याहून येणाऱ्या विद्यार्थिनीचं, पुनमचं, एन्झाइम डीएनए कापत नव्हतं. हल्लेखोर विषाणूंचे तुकडे करायला जीवाणूंनी बनवलेली ही कात्री. पण तीनदा चालवूनही डीएनए अख्खाच. आता तो एकाच प्रयोगापुरता उरला होता आणि उद्या परीक्षक येणार होते.

"सर, हा बी वाया गेला तं माझं वर्ष जातंय," पुनम रडकुंडीला आली.

"रडू नकोस. संशयित मोजू." राधाकृष्णने भिंग काढलं. "वीज गेली, कात्री उकाड्याने मेली."

"इन्व्हर्टर हाय की, सर."

"मग पाणी. इथलं पाणी जड."

"डिस्टिल्ड हाय."

"मग डीएनएच निर्ढावलेला आहे!"

प्रयोगाच्या साहित्याच्या यादीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सापडत नाही, हे पुनमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आत्ताही सांगितलं. त्याने ते झटकून टाकलं. अल्ब्युमिन काही कापत नाही, शिवाय घटनास्थळी हजरच नाही, सबब निर्दोष.

फरशी पुसणाऱ्या द्वारकाबाईंनी मान वर केली. "त्याचं काम काय असतंय, पोरी?"

"एन्झाइम जराकसं असतंय, मावशी. नळीच्या भितीलाच चिकटून बसतंय. अल्ब्युमिन आधी भितीला बसलं, की हे कापायला मोकळं."

"म्हंजी तव्याला तेल. बिनतेलाचं धिरडं कसं सुटंल? काहून डीएनएला बोल लावून ऱ्हायले?"

राधाकृष्णला हे पटलं, म्हणून रागही आला. "पण अल्ब्युमिनची नळी चोरली कोणी?"

"चोरली न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "सोमवारी तुमीच नेली. 'गाईच्या रक्तातलं हाय, माझ्या उपासाच्या दह्याशेजारी नको,' म्हणून शेजारच्या विभागाच्या फ्रीजात ठिवली."

संशयितांत त्याने स्वतःला धरलं नव्हतं. गुप्तहेरांत तशी पद्धत नाही.

नळी त्याच फ्रीजात मिळाली. दुपारपर्यंत, डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलच्या थरावर दोन लख्ख पट्टे उमटले आणि पुनमने द्वारकाबाईंना मिठीच मारली. राधाकृष्णलाही मनापासून आनंद झाला, म्हणजे अहवाल लिहायची वेळ येईपर्यंत.

"अज्ञात इसम लिही," त्याने हळूच सुचवलं.

पुनम शास्त्राची विद्यार्थिनी. फसलेल्या तिन्ही प्रयोगांपुढे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कारण: राधाकृष्ण सरांचा श्रावण.'