हात न लावणाऱ्या शैलाताई

शैलाताई दवाखान्यात दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतात आणि पेशंटवर खेकसतात. "गुडघे वाकव! मान सोड! अरे, सोड म्हणते ना!" हे सगळं इंग्रजीत, पण नागपुरी तोऱ्यात. इथली, परदेशातल्या या सँट्री उपनगरातली धिप्पाड माणसं निमूट ऐकतात.

मी तिथे रिसेप्शनला बसते. आमचे साहेब कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके जागेवर बसवणारे. ताई त्यांच्या असिस्टंट. नागपुरात पंधरा वर्षं फिजिओथेरपिस्ट होत्या. इथली नोंदणी कागदपत्रांत अडकलेली. मग काम काय, तर टॉवेलच्या घड्या घाला, टेबलावर कागद अंथरा. पेशंटला हात लावायचा नाही. दवाखान्याच्या विम्यात बसत नाही म्हणे! माझंच डोकं फिरायचं, ताईंचं तर कायम फिरलेलं. बसमध्येसुद्धा कुणी वाकून बसला की सोडत नाहीत. "पोक काढून काऊन बसला बाप्पा?" त्याला कप्पाळ कळतंय! तरी बिचारा ताठ होतो.

गेल्या महिन्यात जिम नावाचे ऐंशीचे आजोबा टेबलावरून उठताना अर्ध्यात अडकले. साहेब दुसऱ्या खोलीत. ताई नुसत्या सूचना देतायत आणि आजोबा थरथरतायत. शेवटी घसरून खाली बसले. लागलं नाही, "आय अ‍ॅम ग्रँड" म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत 'मी ठीक आहे'. ताई मात्र तडक साहेबांसमोर. "माझी कामं वाढवा, नाहीतर हा एप्रन घ्या!" इतका आवाज, की मी हातातला फोन होल्डवर टाकला.

साहेबांनी विमा बदलला, नवी यादी चिकटवली: शेक देणे, व्यायाम शिकवणे, पेशंटला आधार देऊन उठवणे. ती वाचून ताई आणखीच भडकल्या. "या तीन ओळींसाठी सहा वर्षं भांडून राहिली मी!"

काल जिम आजोबा आले. ताईंनी खांद्याखाली हात घालून त्यांना अलगद बसवलं. आजोबा बसले, तरी ताईंचा हात बराच वेळ त्यांच्या पाठीवरच होता.

ते गेल्यावर मी म्हटलं, "जिंकलात की हो ताई!"

त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी वाहतंय, हात चोळत नाहीत.

"माझी आई शेवटचे तीन महिने अंथरुणावर होती," त्या म्हणाल्या. "मी इथून मोबाइलवर सांगायची, आई, कुशीवर हो, कोपर टेकव. तिला जमायचं नाही, की मी चिडायची तिच्यावर. साहेबांनी अडवलं म्हणून एवढी बोंबलली मी. तिथे मला कोणी अडवलं होतं, सांग ना? मीच गेली नाही."