रिवाइंड न केलेला संपाचा पिक्चर

चाळ माझ्या खिशात आहे, असं मी बिल्डरच्या माणसाला, हितेंद्रला, छाती ठोकून सांगितलं होतं. खोटंही नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीचा मी चिटणीस. टॉवर व्हायचा म्हणून साठांपैकी एकोणसाठ बिऱ्हाडांच्या सह्या घरोघर चहा पीत मीच आणल्या होत्या. शेवटची सही मिळाली की कोपऱ्यावरचा, दोन खिडक्यांचा फ्लॅट मला, असं हितेंद्रने कबूल केलं होतं. माझ्या आत्ताच्या खोलीला अर्धीच खिडकी. उरलेली अर्धी शेजाऱ्याची!

अडले होते फक्त जयवंतकाका. अठ्ठावीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस. सहीचा विषय निघाला की भर मे महिन्यात डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायचे.

मग मला त्यांची व्हिडिओ कॅसेट आठवली. युनियन बांधणाऱ्या कामगारांवरचा जुना सिनेमा. लेबलावरचं नाव केव्हाच पुसलेलं. चाळीत सगळे त्याला 'संपाचा पिक्चर' म्हणतात. काकांनी ती लग्नातल्या शालूसारखी ट्रंकेत जपलेली, पण लावायला मशीन नव्हतं. मी कॉटन ग्रीनच्या दुरुस्तीवाल्या रामजीकडून व्हीसीआर आणला. बेत सोपा होता. रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये पिक्चर लावायचा. पहिल्या अर्ध्या भागात नुसती गाणी, गावची जत्रा, नायकाचं लग्न. मध्यंतराला थांबायचं आणि काकांचे डोळे ओले असतानाच पेन पुढे करायचं. संप सुरू व्हायच्या आत सही!

हॉल भरला. हितेंद्र पहिल्या रांगेत. मी बटण दाबलं.

ना जत्रा, ना लग्न. थेट गिरणीचं गेट, आणि मॅनेजर कामगारांपुढे कागद सरकवतोय: आधी सही करा, मजकूर नंतर भरू. काकांनी तीस वर्षांपूर्वी पिक्चर जिथे सोडला होता, तिथेच तो वाट बघत उभा होता. कॅसेट कुणी रिवाइंडच केली नव्हती!

मी बटणाकडे झेपावलो. काकांनी माझं मनगट धरलं. ऐंशी ओलांडलेला हात, पण पकड साच्याची.

"ऱ्हवांदे. ह्याच बघूचा हा."

पडद्यावर एकाने कागद फाडला. हॉलमध्ये माझी बायको मालन उठली. माझ्या पिशवीतून तिने आमचंच संमतीपत्र काढलं आणि उजेडात धरलं.

"अहो, नव्या खोलीच्या मापाचा रकाना कोरा आहे."

ते नंतर भरतात, असं मी म्हणालो मात्र, आणि माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य आत्ता मॅनेजर बोलून गेला. हॉलच्याही लक्षात आलं.

हितेंद्र काहीतरी नियम समजावू लागला. काका त्याच्यासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"गिरणीत असल्याच कागदार सही घेतल्यानी माझी. दुसऱ्या दिसा गेटाक कुलूप. माझो झील शाळा सोडून हमालीक लागलो. हो रकानो कोरो कित्याक, ता सांग आदी."

हितेंद्र घड्याळ बघत दाराकडे निघाला. दारात रखमाआत्या पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी चाळीतल्या सगळ्या बायका. आत्यांनी दळणाच्या चालीवर गळा सोडला:

पहिली माझी ओवी गं, कोऱ्या रकान्याला
माप नाही ज्याला, सही कशी त्याला
दुसरी माझी ओवी गं, चिटणीस भावाला
दोन खिडक्यांपायी विकतो चाळीला

खिडक्यांची गोष्ट मी फक्त मालनला सांगितली होती!

मग घोषणा उठली: "बिल्डरचा दलाल चिटणीस..." आणि मी, बापाच्या खांद्यावर बसून गेटसभा ऐकत वाढलेला, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत ओरडून मोकळा झालो: "मुर्दाबाद!"

कुणीही हसलं नाही. तेच जास्त लागलं. एकोणसाठ कागद ज्याचे त्याच्या हातात परत गेले. खोलीचं माप लेखी आणीन, असं कबूल केल्यावरच हितेंद्रला बायकांनी दारातून वाट दिली.

घरी आल्यावर मालनने आमचा कागद माझ्या पुढ्यात टाकला. राग तसाच होता. चहाचं नावही नव्हतं.

"त्या दोन खिडक्या कुठे लिहिल्यात, तेवढं दाखवा."

मी कागद वरून खाली वाचला. मग उलटा करून पाहिला. मागची बाजू तर सगळीच कोरी होती.