पेटीवरचं तिसरं कुलूप

सुरक्षेच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही. पोलाद कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात तेहतीस वर्षं काढली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झालो. रिकामपणात हॅम रेडिओवर, म्हणजे बिनतारी सेटवरून बोलायची सरकारी परीक्षा दिली, पास झालो, लायसन्स आलं. हुडको वसाहतीतल्या घरी एक सेट बसवला. आता गाडीत दुसरा बसवायचा, तर त्याला मेकॅनिक कशाला हवा?

"आजच बसवता?" सुजाता म्हणाली. "तीन वाजता माही ड्रायव्हिंगची टेस्ट हाय. माहं लर्निंग उद्या संपते."

बायकोच्या टेस्टच्या दोन तारखा माझ्यामुळेच हुकल्या होत्या. एकदा मी गाडी घेऊन राजनांदगावला गेलो, दुसऱ्यांदा सीट कव्हर बदलत बसलो. पंचावन्नाव्या वर्षी ती पहाटे मैदानात जाऊन गाडी शिकली होती. आजची तारीख गेली की पुन्हा श्रीगणेशा.

"बाराले मोकळी करतो तुही गाडी. घाबरू नको," मी म्हणालो.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. मशीन बंद करायचं, चावी लोखंडी पेटीत टाकायची आणि कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं पेटीवर आपापलं कुलूप घालायचं. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. म्हणजे एकाचा हात आत असताना दुसरा मशीन सुरू करत नाही. तशी पेटी मी घरीही करून ठेवली आहे. गाडीच्या दोन्ही चाव्या आत टाकल्या, कारण एक बाहेर ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा, आणि माझं कुलूप लावलं. समोरचे तेजरामभाऊ माझ्याच विभागातून निवृत्त झालेले. ते टॉर्च धरायला आले.

"टॉर्च धरली म्हणजे मी बी कामावर आलो," म्हणत त्यांनी आपलं भलंमोठं कुलूप घातलं.

काम सुरेख झालं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. रेडिओची तार थेट बॅटरीपर्यंत नेली, बॅटरीजवळच फ्यूज घातला, एअरबॅगच्या वाटेत काही येऊ दिलं नाही, छतावर अँटेना ठोकला. साडेअकराला हात पुसले, माझं कुलूप काढलं आणि तेजरामभाऊंना हाक मारली. ते केव्हाच दुर्गला, मोहन नगरात मुलीकडे जेवायला गेले होते. चावी त्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

मी फोन लावला. "तेजरामभाऊ, तुमचं कुलूप तोडू काय?"

 "धोंडबाभाऊ, हे तुमी बोलून राहिले?"

"बरं, नाई तोडत. पण लवकर या जी."

ते पावणेदोनला ऑटोतून उतरले. सुजाता फाइल छातीशी धरून पायरीवर बसली होती. पण तेजरामभाऊ कुलपाला हात लावेनात.

"पहिले हत्यारं मोजा. किती नेले, किती आले?"

हा नियमही माझाच. सात गेली होती, सहा आली. दहा नंबरचा पाना नव्हता. गाडीच्या पोटात पाना राहिला आणि गाडी सुरू केली तर? आम्ही पायपुसणी झटकली, सीटखाली हात घातले, शेवटी गाडीखाली शिरलो. ते म्हणत तुमी ठेवला, मी म्हणत होतो तुमी. सव्वादोन झाले. गाडीखालून मला सुजाताच्या चपला दिसत होत्या, अगदी स्थिर. तिसऱ्यांदा मीच आडवा आलो होतो, आणि मला खरोखर लाज वाटली.

"सुजाता, चुकलं माहं," मी तिथूनच म्हणालो.

"हा घ्या पाना," वरून आवाज आला.

"तुह्यापाशी कसा?"

"बॅटरीची तार तुमी काढली. मंग लावली कोणं? तुमी फोनवर होते, तवा म्या लावली."

मी तार लावायला विसरलो होतो. म्हणजे चावी मिळूनही गाडी जागची हलली नसती. तेजरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी अँटेनाकडे पाहिलं.

त्यांनी कुलूप काढलं. पेटी तरी उघडेना. मोठ्या कुलपामागे एक छोटं पितळी कुलूप होतं, सुजाताच्या कपाटाचं.

"कामाले हात लावाच्या आधी कुलूप लावाचं, असंच ना?" सुजाता म्हणाली.

"बरोबर हाय वहिनी," तेजरामभाऊ आदरानं म्हणाले.

"मी खोलीन. पण रस्त्यात 'ब्रेक, ब्रेक' म्हटलं, तर उतरवून देईन."

हायवेनं नेहरू नगर मागे पडलं तरी मी तिच्या शेजारी माइक मांडीवर घेऊन गप्प होतो. बोलायचं लायसन्स असून. तिनं टेस्टच्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा असा काढला की साहेबानं दुसऱ्यांदा काढायला सांगितलंच नाही. पास! परतताना मी रस्ताभर तिच्याकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी पेटीवर तेच पितळी कुलूप, आणि पाटी: 'काम चालू आहे.'

"कोणतं काम?" मी विचारलं.

तिनं माझं रेडिओचं पुस्तक दाखवलं. "म्या बी फॉर्म भरला. एक सेट घरी, एक गाडीत, आन बोलाचं लायसन्स एकट्या तुमचं. तुमी बोलान कोणाशी?"

हे मला खरंच सुचलं नव्हतं.

परीक्षा तीन महिन्यांनी आहे. ती रोज गाडी काढते, संध्याकाळी चावी पेटीत टाकते आणि अभ्यासाला बसते. मी भाजीला सायकलनं जातो. कुलूप तोडायला दोन मिनिटं पुरतील, पण तेजरामभाऊ समोरच राहतात.