बंद पडल्यावरचं सांगा

तायडे साहेब कोणतीही वस्तू कशी चालते हे कधीच विचारत नाहीत. ती बंद पडल्यावर काय होतं, तेवढंच विचारतात.

जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत कोणी नवा कूलर आणला, की बाकीचे विचारतात, हवा कशी फेकते? साहेब कूलरभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "बंद पडला तं?" घेणाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा पोराच्या मामानं भाच्याचे गुण सांगून सांगून घसा कोरडा केला. नोकरी आहे, व्यसन नाही, देवमाणूस आहे. साहेब पोहे खाता खाता म्हणाले, "चालतीचं समजलं. बंद पडल्यावरचं सांगा." मामाला असा ठसका लागला की पाणी आणायला तिघं धावले. पण पोरगा हुशार. म्हणाला, "काका, मी बंद पडलो तं तुमच्याकडेच आणून टाकजा." सोयरीक तिथंच पक्की झाली.

साहेबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात पंप दुरुस्त करण्यात गेली. म्हणजे चालू पंपाशी त्यांची ओळखच नाही. आणि मी त्यांचा शेजारी, विमा एजंट. आमचा धंदाच बंद पडण्यावर चालतो, म्हणून मी त्यांचा लाडका. त्या लाडापायी माझं अर्धं डोकं पिकलं, ते सोडा.

साहेबांकडे एक जुनी, दुधी रंगाची गाडी आहे. पुढचं सीट सोफ्यासारखं अखंड, दारं कपाटासारखी रुंद. गल्ली तिला 'म्हातारी' म्हणते. परवडत असून नवी घेत नाहीत म्हणून लोक साहेबांना चिंगूस म्हणतात. साहेब ऐकतात आणि म्हातारीला फडकं मारतात.

एक दिवस ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. "लुंबिनीले जाऊन राह्यलो. हिले बुद्धाची जन्मभूमी दाखवाची हाय."

हिले म्हणजे सुमनकाकूंना. मागे त्यांना लकवा मारला, तेव्हापासून डावी बाजू अधू आहे.

"वा! रेल्वेचं पाहू का?"

"रेल्वे कायले? म्हातारी हाय ना."

"साहेब, नेपाळ हाय थे! परदेश!"

"म्हून तं तुमच्याकडे आलो. रस्त्यात बंद पडली तं धावून येनारं कव्हर पायजे."

झालं. त्या दिवसापासून माझी ओसरी म्हणजे कचेरी झाली. गाडीचा विमा जादा हप्ता भरून नेपाळपर्यंत वाढवता येत होता, पण बंद पडलेली गाडी उचलायची सोय वेगळी घ्यावी लागते. एवढ्या जुन्या गाडीला ती सोय देतो कोण? एका कंपनीच्या बाईनं फोनवर विचारलं, "सर, गाडीचं वय?" साहेब म्हणाले, "तुमच्यापेक्षा मोठी हाय बाई, मानानं बोला." तिनं फोन ठेवला.

शेवटी एक कंपनी तयार झाली, पण फक्त सोनौलीच्या सीमेपर्यंत. तिथून लुंबिनी राहते जेमतेम तासाभरावर.

"म्हंजे अर्धा हिंदुस्थान पार करेपर्यंत कुठीबी बंद पडा, फक्त शेवटच्या तासात नाही?" साहेब उसळले. "म्हातारीले काय सांगू? बाई, शिवेच्या अलीकडंच मर?"

तरी त्यांनी ते कव्हर घेतलं. मी सुटकेचा श्वास सोडला. पण सुटका माझ्या नशिबात कुठली!

काही दिवसांनी भर दुपारी कंपनीचा फोन. तुमच्या ग्राहकानं वरवट बकालच्या रस्त्यावर टोचनवाला बोलावलाय, आणि गाडी तर ठणठणीत चालू आहे! टोचन म्हणजे गाडी ओढून न्यायची सोय. मी तणतणत मोटारसायकल काढली.

निंबाखाली म्हातारी उभी. पुढच्या सीटवर सुमनकाकू. शेजारी ट्रक, आणि साहेब टोचनवाल्याला थर्मासमधला चहा पाजत होते.

"साहेब, गाडी चालू हाय ना? मंग याले काऊन बोलावलं?"

"तालीम," साहेब म्हणाले. "बंद पडाची तालीम."

मी कपाळाला हात लावला. टोचनवाला मात्र भला माणूस. म्हणाला, "पाहून घ्या ना काका. गाडीले हूक लावतो. मावशीले उचलून माह्या केबिनमधी ठेवतो. दोन मिनिटाचं काम."

काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. साहेबांचा चेहरा उतरला. चहा संपल्यावर त्यांनी त्याला हात जोडून निरोप दिला आणि मला निंबामागे ओढलं.

"आयकलं? उचलून ठेवतो! दवाखान्यात हिले चार जनांनी उचललं, तवापासून तिले थे सहन होत नाही. रेल्वेत चढाचं तं उचला. पुतन्याच्या उंच गाडीत बसाचं तं उचला. या एकाच गाडीत थे आपल्या पायानं चढते. सीट खाली हाय, दार मोठं हाय. अन् थे चढाले लागली का मी आभायाकडं पाह्यतो, तिले लाजल्यावानी नाही झालं पायजे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या म्हातारीला मीही कमी नावं ठेवली नव्हती.

"नाही जात मी लुंबिनीले," साहेब म्हणाले. "परक्या मुलखात गाडी बंद पडली अन् हिले कोनी पोत्यावानी उचललं, तं कायची जत्रा?"

गाडीतून काकूंची हाक आली. लकव्यानंतर त्यांचे शब्द एकेक करून येतात.

"इकडं या. आयकू येते मले." आम्ही दाराशी गेलो. "मी बंद पडली, तवा कोनतं कव्हर होतं?"

साहेब दाराच्या मुठीवरची धूळ बोटानं पुसू लागले.

"तुमीच होते ना. गाडी पडली बंद, तं मी बसते गाडीतच. तुमी जा अन् मिस्त्री आना. मी काय पयून चालली?"

जन्मभर दुसऱ्याला पुढचा प्रश्न विचारणाऱ्या माणसानं खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही. मग पुढे गेले, ठणठणीत चालू गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ काढलंच नाही. आत काय दुरुस्त करत होते ते मला खांदे पाहून कळलं.

मी त्यांच्याकडे जायला निघालो, तर काकूंनी उजव्या हातानं माझी बाही धरली.

"राहू द्या त्याईले तसंच थोडं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी नेपाळचं पक्कं करा."